माहेर नावाचा पत्ता

बटण दाबलं तेव्हा चिमणी चक्क हसत होती. तीन महिन्यांत पहिल्यांदाच. आणि पुढच्याच श्वासाला ते हसू असं उडालं, जणू पिंजलेल्या कापसावर कुणी फुंकर मारली.

मोबाईलवर दोन ओळी आल्या होत्या. 'तुमची ऑर्डर नोंदवली आहे. माहिती शेवटी ४७ असलेल्या नंबरवर पाठवली आहे.'

सत्तेचाळीस.

चिमणीचा नवा नंबर एकतीसला संपायचा. सत्तेचाळीसला संपायचा तो तिच्या नवऱ्याचा.

"काकू," ती म्हणाली. "काकू, मी माझ्या हाताने त्याला आपला पत्ता पाठवलाय."

गादीवाली काकू दुकानाच्या मधोमध एका डबल गादीवर मांडी ठोकून बसली होती आणि दाभणाने टाके घालत होती. काकू म्हणजे थापांची खाण. तिने एकदा म्हणे इतकी मऊ गादी शिवली होती, की गिऱ्हाईक त्यात जे बुडालं ते चौथ्या दिवशी खोळ उसवून बाहेर काढावं लागलं, आणि बाहेर आल्यावर ते भांडलं, की झोपमोड का केली. बाजारात कोणी खोटं बोललं की लोक म्हणायचे, कापूस काकूकडचा दिसतोय. पण आता काकूचं दाभण गादीत रुतलं ते रुतलंच.

"नीट सांग. पहिल्यापासून."

तिचं नाव काही चिमणी नव्हतं. तीन महिन्यांपूर्वी एक पिशवी आणि चार वर्षांचं पिल्लू घेऊन ती या दारात आली, तेव्हा पाटावर इतकी टोकाला बसली, की आत्ता उडेल की मग उडेल. म्हणून काकूने ते नाव ठेवलं. खरं नाव विचारलंच नाही. "मला माहीत नसेल तर माझ्या तोंडून निघेल कसं? माझ्या तोंडाला झाकण नाही, हे गल्लीतल्या मांजरांनाही ठाऊक आहे." तेव्हापासून चिमणी खोळी शिवायची, मागच्या खोलीत राहायची आणि दाराशी कोणी खाकरलं तरी मशीनचं चाक हाताने थांबवायची. तिची डाव्या हाताची करंगळी अजून सरळ होत नव्हती. ती कशी वाकडी झाली तेही काकूने विचारलं नव्हतं.

गोष्ट चष्म्यापासून सुरू झाली. पिल्लूचा चष्मा काल गुंडाळलेल्या गादीखाली आला आणि त्याचा पापड झाला. पिल्लूला चष्म्याशिवाय जग म्हणजे नुसता कापूस. सकाळपासून तिने एका उभ्या लोडाला दोनदा "काका, सरका" म्हटलं होतं. दोन डोळ्यांचे दोन वेगळे नंबर, त्यात एक तिरपा. ते लिहिलेला कागद मागे त्या घरात, डब्यात राहिलेला. नव्याने डोळे तपासायचे तर चष्मेवाल्याच्या वहीत नाव लिहा, पत्ता लिहा. चिमणीला वहीची भीती. कुठल्याच वहीत पिल्लूचं नाव पडायला नको होतं तिला.

मग आठवलं, की मागचा चष्मा आपण मोबाईलवरच्या दुकानातून मागवला होता. त्या खात्यात दोन्ही नंबर जपून ठेवलेले असणार. खातं तिचंच, तिच्याच नावाचं, पासवर्डही पाठ. उघडलं तर खरंच, नंबर तिथे! नवा पत्ता टाकला. तर ॲपने विचारलं, 'या पत्त्याला नाव द्या.' खाली तीन चौकटी: घर, ऑफिस, इतर.

'घर'वर बोट जाईना. ऑफिस तर नव्हतंच. 'इतर' दाबलं तशी एक रिकामी जागा उघडली.

चिमणीचे आईबाप ती लहान असतानाच गेले. नवऱ्याचं एक ठरलेलं वाक्य होतं. भांडण मिठावरून असो नाहीतर मोज्यावरून, शेवट तोच: "जाशील कुठे? माहेर आहे का तुला?"

त्या रिकाम्या जागेत तिने लिहिलं, 'माहेर'. आणि हसून बटण दाबलं.

"अगं पण नंबर त्याचा कसा?" काकूने विचारलं.

"माझा फोन त्याने भिंतीवर आपटला होता ना, तेव्हा. मग खात्याला स्वतःचा नंबर लावला. पुढे वर्षभर मी त्याच्याच फोनवरून मागवायचे, तो शेजारी बसून बघायचा. मी विसरलेच, काकू. इतकं कसं विसरले मी? पासवर्ड आठवला आणि हे विसरले!" तिने कपाळावर हात मारून घेतला. "त्याच्या फोनवर ते ॲप उघडंच असतं. त्याने नुसतं बोट लावायचं, की दुकानाचं नाव, गल्ली, मागची खोली, सगळं समोर."

"आत्ता फोन त्याच्या हातात आहे?"

चिमणीने घड्याळाकडे पाहिलं. तीन वाजून दहा मिनिटं. कैद्याला पहारेकऱ्याच्या वेळा पाठ असतात, तशा तिला त्याच्या होत्या. "रंगाच्या कारखान्यात फोन आत नेऊ देत नाहीत. भडका उडतो म्हणून. फाटकाशी लाकडी खणात ठेवावा लागतो. साडेपाचला सुटी."

"म्हणजे दोन तास वीस मिनिटं," काकू म्हणाली. "एवढ्या वेळात मी एकदा नऊ गाद्या..."

"काकू!"

"बरं, बरं. चल, कामाला लाग."

चिमणीने आधी ऑर्डर रद्द केली. झाली. पण खाली यादीत ती तशीच उभी, 'रद्द' असा लाल शिक्का मारून, पत्त्यासकट. म्हणजे चोराने पळून जावं आणि चपला दारात ठेवाव्यात. मग पत्ता पुसायला घेतला. ॲप म्हणालं, 'तुमच्या माहितीच्या सुरक्षेसाठी नोंदवलेल्या नंबरवर ओटीपी पाठवला आहे.' तो सहा आकड्यांचा ओटीपी गेला कुठे? रंगाच्या कारखान्याच्या फाटकाशी, लाकडी खणात.

पत्ता बदलून बघितला. ओटीपी. फोन नंबर बदलून बघितला. ओटीपी. बाकी सगळ्या फोनवरून खातं बंद करायला गेली. ओटीपी. ज्याच्यापासून लपायचं त्याच्याकडेच प्रत्येक दाराची किल्ली, आणि प्रत्येक दारावर पाटी, 'तुमच्या सुरक्षेसाठी'.

मग मदतीचा नंबर फिरवला. सतरा मिनिटं बासरी ऐकवल्यावर एक गोड आवाजाचा माणूस आला.

"नमस्कार मॅडम, मी आपली काय सेवा करू?"

चिमणीने सांगितलं. पहिल्यांदा अर्धंच सांगितलं, लाजेने. मग सगळं. आयुष्यात कोणाला सांगितलं नव्हतं ते त्या परक्या माणसाला सांगितलं, करंगळीसकट.

"ऐकून वाईट वाटलं, मॅडम. पत्ता काढायला आपल्या नंबरवर आलेला ओटीपी सांगाल का?"

"अहो, तो नंबर त्याच्याकडे आहे, तेच तर सांगतेय!"

"समजलं, मॅडम. मग त्यांना विचारून सांगाल का?"

काकूने हातातली सुतळी दाताने तोडली, बहुतेक त्या माणसाची मान समजून.

"मी माझं ओळखपत्र दाखवते," चिमणी म्हणाली. ओळखपत्र होतं तिच्याकडे. पिल्लूच्या उशीत शिवून ठेवलेलं. "खातं माझ्या नावावर आहे. माझा चेहरा बघा, फोटो बघा."

"ओळखपत्राची सोय फक्त बंद पडलेल्या खात्यांसाठी आहे, मॅडम. आपलं खातं व्यवस्थित चालू आहे. आणखी काही सेवा?"

"एवढंच सांगा. त्याला गेलेल्या मेसेजमध्ये पत्ता आहे का?"

"नाही, मॅडम. मेसेजमध्ये फक्त पत्त्याचं नाव जातं. पूर्ण पत्ता बघायला ॲप उघडावं लागतं. आपला दिवस चांगला जावो."

चार वाजले होते.

काकूने फोन हिसकावून घेतला. "आता बघ माझी करामत." नाक दाबलं, छाती फुगवली आणि पुन्हा नंबर फिरवून रेड्यासारख्या आवाजात म्हणाली, "हॅलो! मी तिचा नवरा बोलतोय! माझा तो पत्ता ताबडतोब पुसा, नाहीतर मी मंत्र्याला सांगेन, तो माझ्या गादीवर झोपतो!"

पलीकडून दुसराच कोणी शांतपणे म्हणाला, "सर, कृपया नोंदवलेल्या नंबरवरून फोन करा." आणि ठेवून दिला.

"मेला शहाणा निघाला," काकू म्हणाली. पण तिच्या कपाळावर घाम आला होता, आणि काकूला घाम म्हणजे भर उन्हाळ्यात कापूस पिंजतानासुद्धा यायचा नाही.

चिमणी उठून मागच्या खोलीत गेली आणि पिशवी काढली. पिल्लूचे दोन फ्रॉक, आपली एक साडी, उशी. चेन अर्ध्यावर अडकली, ती तिने दाताने ओढली. आता कुठे? पहिल्या मैत्रिणीकडे चार दिवस, तिच्या नवऱ्याने तोंड फिरवलं. मग एका धर्मशाळेसारख्या खोलीत नऊ दिवस, तिथे तो वास काढत आलाच होता, जिन्यापर्यंत. तेव्हा तो जिन्याखालून ओरडला होता, "पुढच्या वेळी सापडलीस तर पिल्लूला घेऊन जाईन. तुला ती दिसणारसुद्धा नाही." तो नुसतं बोलणाऱ्यातला नव्हता.

पिल्लू दाराशी आली. एक काच उरलेला चष्मा तिने डोळ्याला धरला होता.

"आई, आता कुठल्या घरी?"

चिमणीने पिशवी खाली ठेवली. पोरीने "का" विचारलं नव्हतं, "कुठल्या" विचारलं होतं.

बाहेरून काकूचा आवाज आला. "ए चिमणे, शेवटचा एक फोन कर. माझ्यासाठी. मग तुला मी स्वतः गाडीत बसवते. अगं, दाभण चौथ्या टाक्याला अडलं म्हणून कोणी गादी टाकून देतं का?"

पावणेपाच वाजले होते. या वेळी बासरी नऊच मिनिटं वाजली. आवाज एका मुलीचा होता, जरा बसलेला, दिवसभर बोलून.

चिमणीला आता रडायलाही वेळ नव्हता. तिने चार वाक्यांत सांगितलं. "साडेपाचला तो फोन उचलेल. आत्ता चार चोपन्न झालेत. तुम्हीपण ओटीपीच मागणार असाल तर लगेच सांगा, म्हणजे मी निघते."

पलीकडे टाइप करण्याचा आवाज थांबला.

"ताई," मुलगी म्हणाली. आधीचा माणूस मॅडम म्हणाला होता. "हा फोन रेकॉर्ड होतो, त्यामुळे मी नियमाबाहेरचं काही सांगू शकत नाही. मी तुमचा पत्ता काढू शकत नाही."

"बरं."

"थांबा, ठेवू नका. तुमची तक्रार मी माझ्या नावावर घेतलीय. आता या खात्याबद्दल कोणीही फोन केला, तर तो माझ्याकडेच येणार. आणि आणखी एक सूचना आम्ही सगळ्यांनाच देतो, ती तुम्हालाही देते. लक्षपूर्वक ऐका हं. कृपया, चुकूनसुद्धा, लागोपाठ पाच वेळा चुकीचा पासवर्ड टाकू नका."

"का?"

"कारण मग खातं बंद पडतं. सगळ्या फोनवरून. जिथे उघडं असेल तिथूनही बाहेर फेकलं जातं. मग ओटीपीनेसुद्धा उघडत नाही. ज्याच्या नावावर खातं आहे, त्याने स्वतः ओळखपत्र घेऊन चेहरा दाखवला तरच उघडतं. फार त्रास होतो लोकांना. म्हणून म्हटलं, टाकू नका."

काकूने फोनला कान लावला होता. तिचे डोळे कवडीएवढे होते ते ताटाएवढे झाले.

"पोरी," ती फोनमध्ये ओरडली, "तुझ्या लग्नात गादी माझ्याकडून!"

"झालंय लग्न," मुलगी म्हणाली. मग म्हणाली, "झालं होतं." आणि फोन ठेवला.

पाच वाजून तीन मिनिटं.

चिमणी खात्यातून बाहेर पडली आणि पुन्हा आत जायचं पान उघडलं. तिने पहिला पासवर्ड टाकला, 'काहीतरी'. चूक. दुसरा, काकूच्या सांगण्यावरून, 'मेल्यातुझंतोंडकाळं'. चूक. तिसरा, 'रंगाचाडबा'. चूक. एरवी पाठ असलेली गोष्ट चुकवायलाही केवढं बळ लागतं! तिच्या बोटांना तो खरा पासवर्डच टाकायची सवय, पिल्लूचं नाव आणि वाढदिवस. बोटं तिकडेच वळत होती, ओढाळ गाईसारखी.

चौथ्या वेळी तिने चौकटीवर बोट ठेवलं मात्र, आणि फोननेच आपणहून ठिपके भरून टाकले. दुपारी खातं उघडताना फोनने विचारलं होतं, 'पासवर्ड लक्षात ठेवू का?' आणि तिने हो म्हटलं होतं. तिचा अंगठा खाली आला तो आलाच.

'पुन्हा स्वागत आहे!'

"काय झालं?" काकू म्हणाली.

"आत गेले. बरोबर पासवर्ड पडला. सगळे मोजलेले गेले. पुन्हा एकपासून."

"फोनसुद्धा फितूर!" काकूने कपाळाला हात लावला. "किती वाजले?"

"अकरा. पाच वाजून अकरा."

बाहेर पडायचं बटण सापडेना. सापडलं तर ॲप विचारतंय, 'नक्की जायचं आहे का? आम्हाला तुमची आठवण येईल.' काकूने त्याला जी शिवी दिली, तिने दोन लोड आपोआप आडवे झाले असं ती अजून सांगते.

एक. चूक. दोन. चूक. तिसऱ्यानंतर ॲपने नवंच खूळ काढलं. नऊ चित्रं दाखवली आणि म्हणालं, 'तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा. जिने असलेली सगळी चित्रं निवडा.' चिमणीला जिनाच दिसेना. डोळ्यांत पाणी साचलेलं, आणि जिना म्हटलं की तो खालून ओरडणारा आवाज. तिने एक चित्र चुकवलं. आणखी नऊ आली.

"काकू, मला दिसत नाहीये. तुम्ही बघा."

"माझा चष्मा शिलाईच्या डब्यात राहिला गं! हे काय आहे, शिडी का जिना?"

"जिना," पिल्लू म्हणाली. ती मध्ये घुसली होती, उरलेली एक काच डोळ्याला लावून, नाक पडद्याला टेकवून. "हा जिना. हा पण. ही घसरगुंडी आहे, ही नाही घ्यायची."

ॲपने मान्य केलं, की समोर माणूस आहे.

चार. चूक. पाच वाजून सव्वीस मिनिटं. पाचव्या वेळी चिमणीने फोनने भरलेले ठिपके एकेक करून पुसले आणि त्या जागी हळूहळू लिहिलं, 'माहेरआहे'. बटण दाबलं.

पडदा पांढरा झाला. मग अक्षरं आली. 'तुमच्या माहितीच्या सुरक्षेसाठी हे खाते सर्व ठिकाणी बंद करण्यात आले आहे. उघडण्यासाठी खातेदाराने स्वतः ओळखपत्रासह चेहरा दाखवावा.'

दोघींनी ते तीनदा वाचलं. दिवसभर ज्या वाक्याने त्यांचा गळा आवळला, तेच वाक्य आता दाराला अडसर लावून उभं होतं.

साडेपाच झाले. पाच पस्तीस. आता तो फाटकाशी आला असेल. पाच चाळीस. खणातून फोन काढला असेल, अंगठा लावला असेल. चिमणी पिशवीवर बसून होती, पिल्लूला मांडीत दाबून, इतकं घट्ट की पोर म्हणाली, "आई, मी गादी नाहीये."

सव्वासहाला फोन वाजला.

चिमणीने तो उचलला नाही. काकूने उचलला, दाभण दुसऱ्या हातात धरून.

"ताई आहेत का?" तोच बसलेला आवाज. "त्यांच्या तक्रारीबद्दल फोन केला. मी कोणत्याही ग्राहकाची माहिती दुसऱ्याला देत नसते, त्यामुळे कोणाचा फोन आला होता, ते मला सांगता येणार नाही. एवढंच सांगते, की आमचे नियम फार कडक आहेत. आत्ताच मी एका माणसाला ते वीस मिनिटं समजावून सांगितले. तो ओरडत होता, माझा नंबर आहे, मला उघडून द्या. मी म्हटलं, सर, खातं ज्यांच्या नावावर आहे त्यांचा चेहरा लागेल, आपला चालणार नाही."

काकूने फोन चिमणीच्या कानाला लावला.

"शेवटी एकच विचारत राहिला," मुलगी सांगत होती. "म्हणे, मेसेजमध्ये माहेर लिहिलंय. तिला माहेरच नाही. हे माहेर आहे कुठे?"

"मग?" चिमणीचा आवाज मुंगीएवढा.

"मी म्हटलं, सर, ती माहिती सुरक्षित आहे."

त्या संध्याकाळी चिमणीने पिशवी उघडली नाही. काकूने आग्रह केला तेव्हा पिल्लूची उशी तेवढी बाहेर काढली, ओळखपत्रासकट. बाकी पिशवी दाराशी तशीच. ते खातं तिने पुढे कधीच उघडलं नाही. त्यातल्या नंबरांसकट बंद राहू दिलं.

म्हणजे डोळे तपासायला जाणं आलंच. सकाळी तिघी गल्लीच्या टोकाच्या चष्मेवाल्याकडे गेल्या. वाटेत काकू एक भलामोठा पत्ता रचत होती: दीपगृहाच्या मागे, पाण्यातलं तिसरं घर, भरती असेल तर होडीने या. "तू तोंड उघडू नकोस. वहीचं मी बघते."

चष्मेवाल्याने पिल्लूला उंच खुर्चीवर बसवलं, काचा बदलल्या, अक्षरं वाचून घेतली. मग वही ओढली. चिमणीची करंगळी आपोआप मुठीत गेली.

"नाव?"

"पिल्लू," पिल्लू म्हणाली.

त्याने ते तसंच लिहिलं. पेन पुढच्या रकान्यावर गेलं. काकूने घसा साफ केला.

"चष्मा तुम्ही इथे येऊनच नेणार ना?" त्याने विचारलं.

"हो," चिमणी म्हणाली.

"मग पत्ता कशाला हवाय?" त्याने वही मिटली. "परवा या."

चिमणी त्या मिटलेल्या वहीकडे बघतच राहिली. काकूचा चेहरा मात्र एवढासा झाला. एवढी नक्षीदार थाप, आणि घ्यायला कोणी नाही.

"तरी सांगतेच," ती म्हणाली आणि स्टूल ओढून बसली. "तर आमचं घर आहे दीपगृहाच्या मागे..."

चष्मेवाला ऐकायला लागला. पिल्लू हसायला लागली. चिमणी काचेच्या दाराकडे तोंड करून उभी राहिली, रस्ता दिसेल अशी. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पुरुषाचा चेहरा बघत.